म्हशीचं गाणं आणि जावयाचा गळा

माझा गळा गोड आहे, ही बातमी मला सासुरवाडीनं दिली. माझ्या स्वतःच्या घरात ती कुणालाच माहीत नव्हती. मी गायला लागलो की आई गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून उठायची आणि वडील रेडिओ मोठा करायचे. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासुरवाडीच्या पुढच्या सोप्यात मी तोंड उघडलं, आणि सोपाभर माणसं माना डोलवत म्हणाली, "वा पावणं! काय गळा हाय!" तेव्हापासून पंचवीस वर्षं तिथल्या प्रत्येक बारशाला, जावळाला, वास्तुशांतीला मी गायलो. एकदाही कुणी उठून गेलं नाही.

जावई गात असताना उठून जाणार कोण, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही.

सासुरवाडी मलकापूरच्या पलीकडं, रत्नागिरी रस्ता सोडून आत. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. मामी माझ्याशी सरळ एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी समोरच खुर्चीत बसलेला असायचो, आणि त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "पावण्यास्नी इचार, च्या ठेवू काय म्हणून." मी बायकोला म्हणायचो, "मामींना सांग, अर्धा कप." बायको वैतागायची. "दोघांनी दोघांचं ऐकलंय. मी जाते." डोक्यावरचा पदर तर असा पक्का, की मामींचे केस काळे आहेत की पांढरे हेही मला ठाऊक नव्हतं.

त्या मामींच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, आता सहा केमो. दर तीन आठवड्यांनी एक, कोल्हापुरात. म्हणजे मामींना आमच्याकडं राहायला यावं लागणार. लेकीच्या घरी राहायचं, तेही जावयाच्या डोळ्यासमोर! मामी आल्या त्या तांदळाचं पोतं, कडधान्यांची गाठोडी आणि तुपाचा डबा घेऊन. जावयाचं खाल्लं असं कुणी म्हणायला नको. मी बायकोला म्हटलं, "मामींना सांग, एवढ्यात आमचंच वर्षाचं भागेल." मामी आतून म्हणाल्या, "पावण्यास्नी सांग, भागू दे."

आता दवाखान्यात सोबत कोण जाणार? बायको शाळेत शिक्षिका. माझा धंदा स्पीकर आणि माइक भाड्यानं द्यायचा. लग्नं, जयंत्या, सत्कार, दहीहंड्या. संध्याकाळी काम, दिवसा मोकळा. शिवाय केमोच्या खोलीत पेशंटबरोबर एकालाच सोडत. तो एक मी ठरलो. सासू आणि जावई, मधे निरोप्या नाही, आणि समोर चार तासांचं सलाईन.

मामींनी त्यावरही उपाय काढला. त्या सिस्टरांना म्हणाल्या, "ओ बाई, पावण्यास्नी म्हणावं, बसा की, उभं किती ऱ्हायचं." सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "मामींना सांगा, बसतो." सिस्टर बिचाऱ्या दोन वर्षांपूर्वी नागपूरकडून आलेल्या. त्यांना वाटलं, घरात भांडण आहे.

त्या खोलीत पेशंटना शांत वाटावं म्हणून भिंतीवरच्या स्पीकरमधून झऱ्याचा खळखळाट लावलेला असे. कल्पना चांगली होती. फक्त प्रत्येकाच्या शिरेत सलाईन चाललेलं आणि कानात पाणी वाहतंय, त्यामुळं दर दहा मिनिटांनी कुणीतरी सलाईनचा स्टँड ढकलत बाथरूमकडं निघायचं. शेजारच्या खुर्चीत कबनूरचे एक यंत्रमागवाले गृहस्थ होते. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं कानांनी कमी. त्यांना खळखळाट ऐकू येत नव्हता. ते एकटेच निवांत होते.

मामींचा तो पहिला केमो मी विसरणार नाही. शीर सापडत नव्हती. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं. मामी हूं की चूं करेनात. जावयासमोर ओरडायचं कसं? पदराचं टोक दातांत धरून बसल्या होत्या आणि कपाळावरून घाम खाली येत होता. औषध सुरू झालं आणि थोड्या वेळानं मळमळ सुरू झाली. मी बेसिन धरलं, तर मामींनी मान फिरवून ते स्वतःच हातात घेतलं. मी काही कामाचा नव्हतो. मग माझं लक्ष त्यांच्या मोकळ्या हाताकडं गेलं. डोळे मिटलेले होते, आणि खुर्चीच्या दांडीवर बोटं दाबत होती, सोडत होती. दाबत होती, सोडत होती. ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललं होतं.

मी संध्याकाळी बायकोला ते करून दाखवलं. ती पाणी पिता पिता थांबली. म्हणाली, "धार काढतीय ती."

मामींचं एक गाणं होतं. गाणं म्हणजे शब्द जवळजवळ नव्हतेच. एक हुंकार, दोन सूर वर जाणार, एक खाली येणार, मधेच "ये बाय, ये" असं काहीतरी. त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलेलं. धार काढताना त्या ते गुणगुणायच्या आणि थोरली म्हैस त्याशिवाय पान्हा सोडायची नाही. मामी इकडं आल्यापासून त्यांची जाऊ धार काढत होती. पेंड घातली, रेडकू सोडलं, चुचकारलं, तरी दुधाची चरवी अर्धीच. मामींना दुखण्यापेक्षा त्याची काळजी जास्त. "परत जाऊन तिच्या बुडाशी बसायचं हाय मला," असं त्या आल्या दिवशीच लेकीला म्हणाल्या होत्या. "मग काय व्हायचं ते हू दे."

मी स्पीकरवाला माणूस. माझ्या डोक्यात दिवा पेटला. केमोनंतर आठवड्यानं मामी दोन दिवस गावाकडं गेल्या, तर मी मागोमाग बायकोला आणि माझा सगळ्यात भारी माइक घेऊन गोठ्यात हजर. म्हशीच्या मागच्या पायाजवळ स्टँड लावला. म्हैस माइककडं बघत होती, मामी माझ्याकडं बघत नव्हत्या. लेकीला म्हणाल्या, "पावण्यास्नी सांग, शेपटी लागंल." ती लागली. पण रेकॉर्डिंग असं झालं म्हणता! हुंकार, चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज, म्हशीचा सुस्कारा, सगळं स्वच्छ. घरी येऊन मी त्यात थोडा घुमणारा एकोसुद्धा टाकला.

दुसऱ्या केमोला मामींच्या कानाला हेडफोन लावला. पदरावरूनच. पहिल्यांदा दचकल्या. मग हळूहळू खांदे खाली आले. शीर दुसऱ्या प्रयत्नात सापडली. मळमळ झाली, पण मामी डोळे मिटून होत्या आणि बोटं धार काढत होती. तिसऱ्या वेळीही तसंच. मी खोलीभर मिरवलो. डॉक्टरांना सांगितलं, सिस्टरांना ऐकवलं, कबनूरच्या पाहुण्यांच्या कानाला लावलं. ते म्हणाले, "मशीन कुठल्या कंपनीचं हाय?"

तिसऱ्या केमोनंतर मामींना गावाकडं सोडायला आम्ही दोघं गेलो. चेहरा उतरलेला, पण गोठ्याकडं पाय ओढत होते. म्हशीजवळ बसल्या. कासेला पाणी लावलं. पहिला हुंकार निघाला आणि मामी तोंडावर हात दाबून उठल्या. भिंतीला धरून ओकल्या. आम्हाला वाटलं, प्रवासाचं असेल. चूळ भरून परत बसल्या, परत सूर लावला, परत तेच. म्हैस मान वळवून बघत होती. मामींनी रिकामी चरवी उचलून मांडीवर घेतली. मग माझ्याकडं न बघता बोलल्या.

"पावण्यास्नी सांग, गाणं नासलं."

बायकोनं मला तो निरोप दिला नाही. द्यायची गरज नव्हती.

सुरांबरोबर दवाखान्याचा वास यायला लागला होता. हेडफोनमधून गाणं कानात जाताना औषध शिरेत जात होतं, आणि दोन्ही पोटात कुठंतरी एकमेकांत मिसळलं होतं. मामींनी जाहीर केलं की चौथ्या केमोला त्या येणार नाहीत. "केस गेलं, तोंडाची चव गेली. म्हटलं जाऊ दे. आता हे बी गेलं. मग बरं होऊन बसू कशाजवळ?" जाऊनं समजावलं, दिरांनी समजावलं. मी बायकोमार्फत समजावलं. मामी भाताच्या कणग्याकडं तोंड करून बसल्या त्या बसल्या.

पुढचा भाग मला खूप नंतर कळला, पण मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच फसाल. मी एका सत्काराच्या कामावर गेलो असताना बायकोनं गावातूनच सिस्टरांना फोन लावला, स्पीकर चालू करून, मामींना ऐकू जाईल असा. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं. केमोच्या दिवशी आवडीचं खाल्लं तर पुढं ते नकोसं होतं, तसंच हे. ते गाणं आता काही दिवस बाजूला ठेवा, येईल परत. आणि यापुढं इथं आवडीचं काही ऐकवू नका. जे गेलं तरी चालेल, असं काहीतरी लावा."

मामी विचारात पडल्या. "गेलं तरी चालंल असं..." आणि मग, बायको सांगते, पंधरा दिवसांत पहिल्यांदा मामींच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पोरी," त्या म्हणाल्या, "पावण्यांचं गाणं?"

मला मात्र कळलं ते एवढंच: "आईनं अट घातलीय. तुम्ही गाणार असाल तरच ती येणार." हे सांगताना बायकोचे डोळे भरून आले होते. ते हसू दाबल्यामुळं, हे मला कसं कळावं? माझेही भरून आले. पंचवीस वर्षांची सेवा फळाला आली होती.

चौथ्या केमोला मी इस्त्रीचा झब्बा घालून गेलो. सिस्टर म्हणाल्या, "काका, कार्यक्रम कुठं आहे?" मी म्हटलं, "इथंच." त्यांनी झऱ्याचा खळखळाट बंद केला, आणि मी मामींच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून, एका कानावर हात ठेवून सुरू केलं. देवाची गाणी झाली, शेताची झाली, लग्नाची झाली. मामींनी डोळे गच्च मिटले होते, ओठ आवळले होते, खांदे बारीक हलत होते. मी म्हटलं, तल्लीन झाल्या. शेवटच्या कोपऱ्यातल्या एका बाईंनी सिस्टरांना विचारलं की झरा परत लावता येईल का. पण कबनूरचे पाहुणे माझ्या बाजूनं होते.

"काय आवाज वो तुमचा!" ते ओरडून म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं ओरडतातच. "आमचं चारी माग सुरू असतं तरी ऐकू आला असता!"

"ऐकलंत मामी?" मी भावनेच्या भरात सरळच विचारलं.

मामी सिस्टरांना म्हणाल्या, "पावण्यास्नी म्हणावं, व्हय. आला असता."

पाचवा केमो मात्र वाईट गेला. शिरा पार रुसल्या होत्या. एका हाताला झालं, दुसऱ्या हाताला झालं, मनगटावर झालं. मामींना थंडी भरल्यासारखं कापरं भरलं. मी गातच होतो, पण सुई आत जायची तसा माझाच आवाज चिरकायचा. एकदा मामींनी मान जोरात मागं टाकली आणि पदर घसरला. डोकं सगळं उघडं पडलं. तान्ह्या बाळासारखं, वर करडी लव. मी घाईनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत गाणं अर्धवट सोडलं.

"पावणं."

मी इकडंतिकडं बघितलं. सिस्टर ट्रेवर वाकल्या होत्या. निरोप द्यायला कुणी नव्हतं. मामी माझ्याशी बोलत होत्या.

"बघा की इकडं. आता काय झाकायचं ऱ्हायलंय?" त्यांनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं. धार काढून काढून घट्ट झालेली पकड. "थांबलासा का? म्हणा. थांबू नकासा."

मी परत सुरू झालो. पण माझा साठा संपला होता. आधीची सगळी गाणी झाली होती आणि भीतीनं नवीन एकही आठवेना. मामींची पकड सुटत नव्हती. मग जे तोंडात रोज असतं तेच चालीत लावलं. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." मामींनी एक डोळा उघडला. मी रेटलं. "वधूचे मामा जिथं असतील तिथून त्यांनी मंडपात यावं. पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी काढावी, जेवणाचा टेम्पो अडकलाय. प्रमुख पाहुणे रस्त्यात आहेत, ते रस्त्यातच राहणार आहेत." मधे मधे आलाप. खोलीतली माणसं हसायला लागली. कबनूरच्या पाहुण्यांना त्यांच्या बायकोनं कानात ओरडून सांगितलं, तेव्हा तेही सगळ्यांच्या मागून एकटेच हसले, आणि त्यांच्या हसण्याला बाकीचे परत हसले. मामींना हसू आवरेना. त्या तोंड उघडून, दात दाखवून, पदराशिवाय हसल्या.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. सुई शिरेत बसली होती. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सहावा केमो पार पडला. पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरांनी आता तीन महिन्यांनी या म्हटलं. मामी गावी गेल्या, पण गोठ्यात जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायच्या. गुणगुणायच्या नाहीत. जाऊ विचारायची, "बसतासा का आक्का?" "उद्या बघू." एकदा सूर लावून परत पोटात ढवळलं असतं, तर गाणं कायमचंच गेलं असं म्हणावं लागलं असतं. मामींना ते बघायचंच नव्हतं. म्हशीचं दूध आटत आलं होतं आणि दीर तिला विकायची भाषा करत होते.

एका रविवारी सकाळी आम्ही गेलो होतो. चहा झाला आणि मामी कुणाला काही न सांगता चरवी घेऊन गोठ्यात गेल्या. आम्ही मागून गेलो. दारात जाऊ, तिच्या मागं बायको, तिच्या मागं टाचा उंच करून मी. मामी बसल्या. डोक्यावर पदर होता, त्याखाली आता बोटभर केस आले होते. कासेला पाणी लावलं. हात चालू झाले, म्हैस पाय बदलत राहिली. चरवीत काही पडेना.

मग एक हुंकार आला. इतका बारीक की मला वाटलं म्हशीचाच. मामी थांबल्या. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो आणि त्या स्वतःच्या पोटाकडं लक्ष देऊन बसल्या होत्या. काही झालं नाही. दोन सूर वर गेले. मामींनी गिळलं. एक खाली आला. "ये बाय, ये." म्हशीनं कान हलवले, पाय स्थिर केला, आणि चरवीच्या बुडावर पहिली धार वाजली.

बायको रडायला लागली. जाऊ रडायला लागली. मीही माणूसच आहे. मामींच्या सुरात मी माझा सूर मिसळला. खुल्या आवाजात.

मामी ताडकन उठल्या. चरवी जाऊच्या हातात कोंबली, पदर तोंडावर दाबला आणि मला ढकलून बाहेर उकिरड्यापर्यंत गेल्या. तिथून परत फिरल्या त्या कंबरेवर हात ठेवूनच.

"गप बसा वो!" अख्ख्या आळीला ऐकू गेलं. "तुमचा आवाज आला की सलाईन दिसतंय मला! पोट ढवळून निघतंय!"

जाऊनं जीभ चावली. जावयाला, दारात, गप बसा! मामीही आपण काय बोललो ते कळून पदर ओढायला लागल्या. आणि बायको, जी मघाशी रडत होती, ती गोठ्याच्या दाराला धरून खाली बसली आणि हसत हसत सिस्टरांच्या फोनपासूनचं सगळं बोलून मोकळी झाली. गेलं तरी चालेल असं! मी मामींकडं बघितलं.

"म्हणजे दिवाळीपासून..." मी म्हटलं. "ती पहिली दिवाळी..."

"काय सांगायचं पावणं," मामी सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या. पदर अर्ध्यावरच राहिला होता. "पंचवीस वर्सं सोसलं, जावई म्हणून. बारशाची पोरं दचकून उठायची. पर तुमचं गाणं व्हतं म्हणून माझं वाचलं बगा. सगळा दवाखाना तुमच्या गाण्यात वतून आलो तिकडं." मग चूळ भरली, जाऊच्या हातातली चरवी घेतली. "आता जरा बांधापर्यंत जाऊन येतासा काय? धार अर्ध्यात हाय."

मी गेलो. बांधावर उभा राहिलो. गोठ्याच्या पत्र्याआडून गाणं परत सुरू झालं. आधी अडखळत, मग सलग. माझ्या एकोपेक्षा कितीतरी चांगलं लागत होतं. थोड्या वेळानं जाऊ पितळी पेला घेऊन आली. वर फेस असलेलं, अजून कोमट दूध.

"आक्कानं दिलंय," ती म्हणाली. हसू तिच्या पदरात मावत नव्हतं. "म्हणाली, प्या म्हणावं पावणं. पर मुक्यानं."